राळेखाली झाकलेला आवाज : गिटारच्या एका पेडलचा आणि त्याच्या पूर्वजांचा इतिहास

१/
१९९४ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बिल फिनेगन नावाच्या एका गिटारवादकाने सोनेरी रंगाची एक जड धातूची पेटी विकायला काढली. पेटीवर तीन बटणे होती, पायाने दाबायचा एक स्विच होता आणि अर्धा मनुष्य व अर्धा घोडा असलेल्या ग्रीक पुराणातील प्राण्याचे रेखाचित्र होते. पेटीचे नाव ‘क्लॉन सेंटॉर’. पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत अशा साधारण आठ हजार पेट्या बनल्या. आज जुन्या बाजारात एकेका पेटीला हजारो डॉलर मोजले जातात. पेटीच्या आतील सर्किट मात्र काळ्या राळेच्या थराखाली कायमचे गाडलेले आहे. ही राळ का ओतावी लागली, याचे उत्तर शोधताना गिटारच्या आवाजाचा अर्ध्या शतकाहून मोठा इतिहास उलगडत जातो.

२/
इफेक्ट्स पेडल ही गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये बसणारी छोटी पेटी. तारेच्या कंपनातून निर्माण झालेला विजेचा क्षीण संकेत तिच्यात शिरतो, बदलतो आणि पुढे ॲम्प्लिफायरकडे जातो. वादकाचे दोन्ही हात गिटारवर गुंतलेले असतात, म्हणून ही पेटी जमिनीवर ठेवून पायाने चालू-बंद करतात. कोणी आवाजाचा प्रतिध्वनी करतो, कोणी त्याला लाटांसारखा हेलकावतो. पण या सर्व प्रकारांत मानाचे स्थान आहे ते आवाज ‘फाडणाऱ्या’ पेडलचे. फझ, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन ही त्याच घराण्यातील तीन नावे.

३/
आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? संकेत हा चढउतारांच्या लाटेसारखा असतो. सर्किटच्या क्षमतेपेक्षा लाट मोठी झाली की तिचे माथे छाटले जातात आणि गोलाई जाऊन सपाटी येते. या छाटणीमुळे मूळ स्वरासोबत त्याचे अनेक वरचे उपस्वर नव्याने जन्माला येतात. कानाला स्वर अधिक दाट, खरखरीत आणि लांबणारा वाटतो. तंबोऱ्याच्या जवारीची ज्यांना ओळख आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. तेथेही घोडीला विशिष्ट आकार देऊन आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून उपस्वर मुद्दाम जागवले जातात. फरक इतकाच, की जवारी तारेवरच घडते. पेडलमध्ये ती तारेपासून दूर, विजेच्या प्रवाहात घडते.

४/
पेडल येण्यापूर्वी हा आवाज मिळे तो मोडतोडीतून. १९५१ साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यातील गिटारचा घोगरा आवाज खराब झालेल्या ॲम्प्लिफायरचा होता. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे यांनी स्पीकरच्या कागदी पडद्याला भोके पाडली. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या ब्रिटिश गटाचे डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या ॲम्पचा पडदा पात्याने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’चा आवाज मिळवला. अभियंते ज्याला दोष म्हणत आणि टाळू पाहत, त्याच दोषाच्या शोधात वादक निघाले होते. अडचण एकच होती : फाटलेला पडदा हवा तेव्हा शिवता येत नाही.

५/
ही अडचण सुटण्याचा मार्ग नॅशव्हिलमध्ये एका बिघाडातून निघाला. १९६० च्या अखेरीस तेथील ब्रॅडली स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होते. त्यांचा संकेत ध्वनिमिश्रणाच्या मेजातील ज्या वाहिनीतून जात होता, तिच्यात दोष निर्माण झाला आणि बासचा आवाज घरघरू लागला. तो तुकडा टाकून न देता गाण्यात तसाच ठेवण्यात आला. १९६१ मध्ये गाणे अमेरिकेत कमालीचे गाजले. तो आवाज आपल्यालाही हवा, अशी मागणी इतर कलावंत करू लागले. तोपर्यंत ते बिघडलेले उपकरण पूर्णपणे बंद पडले होते.

६/
ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो दोष ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवला. त्यांचे सर्किट गिब्सन कंपनीने घेतले आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो एफझेड-१ फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एवढाच संसार. गंमत अशी, की या यंत्राने नेमके काय करायचे हे विकणाऱ्यांनाही उमगले नव्हते. जाहिरातीत सांगितले जाई की याच्यामुळे गिटार ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा यांसारखी वाजते. आरंभी दुकानदारांनी माल भरला. पण गिऱ्हाईक फिरकेना, आणि पुढची दोन वर्षे ही पेटी जवळजवळ खपलीच नाही.

७/
१९६५ मध्ये ‘द रोलिंग स्टोन्स’चे कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट याच पेटीतून वाजवली. त्यांच्या मनात तो कच्चा खर्डा होता. त्या जागी पुढे पितळी वाद्यांचा ताफा बसवायचा होता. म्हणजे जाहिरातीत सांगितलेलाच उपयोग ते करत होते. सहकाऱ्यांनी मात्र तोच खर्डा पक्का मानला आणि गाणे तसेच प्रसिद्ध झाले. त्यानंतर दुकानांत धूळ खात पडलेल्या पेट्या वर्ष सरायच्या आत संपल्या. ट्रम्पेटची नक्कल करण्यासाठी बनलेले यंत्र त्या दिवसापासून कोणाचीही नक्कल उरले नाही. गिटारला तिचा स्वतःचा एक नवा आवाज मिळाला होता.

८/
येथून पुढचा इतिहास नकलांचा आहे, आणि सेंटॉरच्या कथेसाठी तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकी माएस्ट्रो लंडनमध्ये महाग आणि दुर्मीळ होती. म्हणून गॅरी हर्स्ट यांनी तिच्या सर्किटाचा आधार घेऊन, त्यात बदल करून, १९६५ मध्ये ‘टोन बेंडर’ बनवली. १९६६ मध्ये लंडनच्याच आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ आणली. तिची गोल पेटी मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचली होती आणि आतील सर्किट टोन बेंडरच्या एका आवृत्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे होते. आज अभिजात म्हणून पुजल्या जाणाऱ्या या पेट्या एकमेकींच्या लेकी-बहिणी आहेत. त्या काळी याबद्दल कोणाला फारसे वावगे वाटले नाही.

९/
एकाच सर्किटाच्या दोन पेट्याही मात्र सारख्या वाजत नसत. दोष जर्मेनियमचा होता. या मूलद्रव्यापासून बनलेल्या ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह सतत झिरपत राहतो. ही गळती नगागणिक वेगळी असते आणि उष्णतेबरोबर वाढते. दुपारी तालमीत गोड वाजणारी पेटी रात्री रंगमंचाच्या तापलेल्या दिव्यांखाली गुदमरल्यासारखी वाजे. कारखाना हाती येतील ते ट्रान्झिस्टर जोडून मोकळा होई, म्हणून जाणते वादक अनेक पेट्या वाजवून पाहत आणि त्यांतली एखादी निवडत. ‘हाताने निवडलेले भाग’ हा पुढे बुटीक पेडलचा महामंत्र ठरला. त्याचा उगम या गळक्या ट्रान्झिस्टरांत आहे.

१०/
बुटीक परंपरेचा आद्य कारागीर शोधायचा तर रॉजर मेयर यांचे नाव घ्यावे लागेल. ते ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात कंपन आणि ध्वनी यांच्या विश्लेषणाचे काम करत, आणि फावल्या वेळात जिमी पेज व जेफ बेक या मित्रांसाठी फझची सर्किटे जुळवत. १९६७ च्या जानेवारीत लंडनमधील एका क्लबात त्यांची जिमी हेंड्रिक्स यांच्याशी गाठ पडली. मेयर यांच्याजवळ ‘ऑक्टेव्हिया’ नावाचे यंत्र होते. लाटेचा खालचा अर्धा भाग वर पलटवून ते मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातील स्वर निर्माण करी. काही आठवड्यांतच ‘पर्पल हेझ’च्या एकल वादनात हा आवाज मुद्रित झाला. हे यंत्र दुकानात मिळत नव्हते. एका वादकाची गरज ओळखून एका कारागिराने ते घडवले होते.

११/
सत्तरच्या दशकात हा व्यवसाय कारखान्यांच्या हाती गेला. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांची ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’ कंपनी आणि तिची ‘बिग मफ’; जपानमध्ये ‘बॉस’ आणि ‘आयबानेझ’. आयबानेझसाठी सुसुमु तामुरा यांनी आखलेली हिरवी ‘ट्यूब स्क्रीमर’ दशकाच्या अखेरीस आली. ती आवाज फाडण्यापेक्षा व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला हलकेच रेटण्याचे काम करी. खालचे स्वर किंचित कापून मधले स्वर पुढे आणणे, ही तिची खूण. टेक्सासचे ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांनी तिला कीर्ती मिळवून दिली. आजही असंख्य वादकांच्या पायाशी तिचे कोणते ना कोणते रूप असते.

१२/
ऐंशीच्या दशकात डिजिटल यंत्रांचे कपाट वादकाच्या मागे उभे राहिले आणि जुनी पेडल हद्दपार झाली. अनेकांचे उत्पादन थांबले. मग नव्वदच्या दशकात वारे फिरले. जुन्या पेट्यांच्या किमती चढू लागल्या आणि त्यांच्या तोडीचे काही नव्याने घडवू पाहणारे एकांडे कारागीर पुढे आले. कॅलिफोर्नियात माइक फुलर यांनी ‘फुलटोन’ काढली. माइक पिएरा ‘अॅनालॉग मॅन’ या नावाने नव्या ट्यूब स्क्रीमरमध्ये बदल करून तिला जुन्या आवृत्तीचा आवाज देऊ लागले. मिनियापोलिसमध्ये झॅकरी व्हेक्स हाताने रंगवलेल्या विक्षिप्त पेट्या बनवू लागले. कारखाना ज्याकडे लक्ष देत नाही त्या बारकाव्यांसाठी चौपट दाम मोजणारे ग्राहक जगात आहेत, हे या मंडळींनी सिद्ध केले. ‘बुटीक पेडल’ हा शब्द या काळातला.

१३/
बिल फिनेगन यांची अडचण ही अनेक वादकांची अडचण होती. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर खूप मोठ्याने वाजवला की तो आपोआप सुंदर फाटतो. पण लहान सभागृहात इतक्या मोठ्याने वाजवणे शक्य नसते. ट्यूब स्क्रीमर वापरली तर तिचा स्वतःचा रंग मूळ आवाजावर चढतो, आणि तो त्यांना रुचत नव्हता. त्यांना हवे होते ते ॲम्पचा स्वभाव न बदलता त्याला मोठे करणारे पेडल. ते स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते नव्हते. एमआयटीत शिकलेल्या एका स्नेह्याच्या मदतीने त्यांनी प्रयोग चालवले. पहिली पेटी विकली जाईपर्यंत चार-साडेचार वर्षे गेली.

१४/
त्यांनी काढलेला तोडगा देखणा होता. पेटीत शिरलेला संकेत वाटा बदलतो : एका वाटेने तो बराचसा स्वच्छ राहतो, दुसऱ्या वाटेने तो वाढवून जर्मेनियमच्या डायोडांवर छाटला जातो. शेवटी दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र येतात. ‘गेन’चे बटण दुपदरी असल्यामुळे ते फिरवताना फाटलेल्या आवाजाचे प्रमाण वाढते आणि स्वच्छ आवाजाचे प्रमाण त्याच वेळी घटते. शिवाय नऊ व्होल्टची बॅटरी आतल्या आत अठरा व्होल्टपर्यंत चढवली जाते, म्हणजे स्वच्छ लाटेला माथे न छाटता उंच उठायला जागा मिळते. अनेक वादक तर गेन जवळजवळ शून्यावर ठेवून, केवळ आवाज भरदार करण्यासाठी ही पेटी वापरतात. जेफ बेक, जॉन मेयर, ‘विल्को’चे नेल्स क्लाइन अशा एकमेकांशी शैलीचे काहीच नाते नसलेल्या वादकांना ती भावली, याचे कारण या पारदर्शकतेत आहे.

१५/
फिनेगन या पेट्या स्वतः, एकेक करून बनवत. दुकानांच्या साखळीला माल देण्यापेक्षा वादकांशी फोनवर बोलणे त्यांना पसंत होते. कोणती गिटार, कोणता ॲम्प, कशासाठी हवी, असे विचारून ते ऑर्डर घेत. पेटी हाती यायला ग्राहकाला अनेक आठवडे थांबावे लागे. या व्यवस्थेत एक मेख होती. मागणी वाढली तरी हात दोनच राहतात. उत्पादन थांबले तेव्हा नव्या पेटीची किंमत सव्वातीनशे डॉलरच्या आसपास होती, आणि त्याच सुमारास तीच पेटी दुसऱ्या हाताने विकणारे त्याहून कितीतरी अधिक मिळवत होते. ज्याने घडवली त्याच्यापेक्षा ज्याने ती न उघडता पुढे विकली, त्याचा लाभ मोठा होता.

१६/
आता राळेकडे वळता येईल. सर्किट ही फार विचित्र प्रकारची निर्मिती आहे. गाण्याला कॉपीराइटचे संरक्षण आहे, पुस्तकाला आहे. सर्किटचा कागदावर काढलेला आराखडा चित्र म्हणून सुरक्षित राहू शकतो, पण ते सर्किट जे कार्य करते त्यावर कॉपीराइट चालत नाही. पेटंट घ्यायचे तर नावीन्य सिद्ध करावे लागते, बराच खर्च करावा लागतो आणि आपला शोध जगजाहीर करावा लागतो. ठरलेल्या मुदतीनंतर तो सर्वांचा होतो. उरतो तिसरा मार्ग : गुपित राखणे. पण विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा अधिकार ग्राहकाला असतो. म्हणून फिनेगन यांनी सर्किटवर काळी एपॉक्सी राळ ओतली. कायदा जे झाकत नव्हता, ते त्यांनी हाताने झाकले.

१७/
राळेने एक काम चोख केले आणि दुसरे अनपेक्षित. तिने नकला काही वर्षे लांबवल्या. पण त्याचबरोबर पेटीभोवती दंतकथांचे धुके तयार केले. आत काहीतरी अलौकिक दडले असले पाहिजे, असा समज पसरला. अखेर २००० नंतरच्या दशकात काही हौशी तंत्रज्ञांनी चिकाटीने राळ खरवडली आणि सर्किटचा नकाशा कागदावर उतरवला. आत जादू नव्हती. बाजारात मिळणारे नेहमीचे भाग होते आणि त्यांची अतिशय विचारपूर्वक केलेली मांडणी होती. त्यानंतर नकलांचा पूर आला. इंग्रजीत ‘क्लोन’ म्हणजे प्रतिकृती. मूळ नाव ‘क्लॉन’ असल्यामुळे या नकलांना आपसूकच विनोदी नाव मिळाले. पुढे मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनेही ‘सोल फूड’ ही आपली स्वस्त आवृत्ती आणली.

१८/
हाताने एकेक पेटी बनवत राहणे परवडेनासे झाले तेव्हा फिनेगन यांनी सेंटॉर थांबवली. काही वर्षांनी त्यांनी तेच सर्किट यंत्राने जोडलेल्या छोट्या भागांत बसवून ‘केटीआर’ नावाची लहान लाल पेटी आणली. आवाज तोच आहे, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे होते. त्या पेटीच्या दर्शनी भागावर त्यांनी एक वाक्यही छापले. त्याचा आशय असा, की अनेकांना खुपणारा हा हास्यास्पद गाजावाजा आपण केलेला नाही, हे कृपया ध्यानात असू द्यावे. आपल्याच निर्मितीच्या कपाळावर खुलासा छापण्याची वेळ फार थोड्या कारागिरांवर आली असेल. तरीही जुन्या सोनेरी पेटीची किंमत चढतच राहिली. त्याच माणसाने, त्याच सर्किटाने केलेली लाल पेटी तिच्या पासंगालाही पुरली नाही. म्हणजे इतके पैसे मोजणारा केवळ आवाज विकत घेत नव्हता. तो एका माणसाच्या हाताचा वेळ आणि संपून गेलेला काळ विकत घेत होता.

१९/
२०२४ मध्ये ‘बेरिंगर’ या मोठ्या कंपनीने सेंटॉरसारखीच दिसणारी स्वस्त पेटी त्याच नावाने आणली. फिनेगन यांनी अमेरिकेत खटला दाखल केला. या खटल्याचे स्वरूप इतिहासाच्या अभ्यासकाने नीट पाहावे. सर्किट चोरल्याचा दावा त्याच्या केंद्रस्थानी नव्हता. दावा होता तो नावाचा, चिन्हाचा आणि रूपाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा. पुढे ती पेटी वेगळ्या नावाने विकली जाऊ लागली. सर्किट सर्वांचे झाले होते आणि ते परत मागण्याचा मार्ग उरला नव्हता. स्वतःचे नाव मात्र स्वतःचेच राहिले पाहिजे, एवढीच रेषा अखेरीस आखता आली.

२०/
या निकालात अन्याय झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण मागच्या साठ वर्षांची साक्ष वेगळी आहे. माएस्ट्रोची नक्कल झाली नसती तर टोन बेंडर झाली नसती, आणि टोन बेंडरचे सर्किट कुलूपबंद असते तर फझ फेस हेंड्रिक्स यांच्या पायाशी आली नसती. सेंटॉरमधील डायोडांची छाटणी आणि व्होल्ट चढवण्याची युक्तीही आधीच्यांकडून आलेली होती. हे घराणे उसनवारीवरच वाढले आहे. पण त्याच घराण्यात उसने घेताना प्रत्येकाने स्वतःची काही भर घातली होती आणि स्वतःचे नाव लावले होते. हर्स्ट यांनी आपल्या पेटीला माएस्ट्रो म्हटले नाही. वारसा आणि तोतयेगिरी यांतील अंतर एवढेच, पण ते खरे आहे.

२१/
आज पुण्या-मुंबईतला विद्यार्थीही काही हजार रुपयांत सेंटॉरच्या सर्किटाची एखादी आवृत्ती घेऊ शकतो, किंवा सुटे भाग आणून डाग देण्याच्या इस्त्रीने स्वतः जोडू शकतो. जे सर्किट एका माणसाने साडेचार वर्षे घासूनपुसून घडवले, ते आता एका दुपारचे काम आहे. तसे जोडताना दुपदरी बटण का घातले, नऊचे अठरा व्होल्ट कशासाठी केले, स्वच्छ वाट निराळी का ठेवली, असे प्रश्न त्याने स्वतःला विचारले, तर त्याला नकाशाबरोबर तो काढणाऱ्याची विचारपद्धतीही मिळेल. राळ खरवडणाऱ्यांना भागांची यादी मिळाली होती. चार वर्षांत टाकून दिलेले पर्याय मात्र कोणत्याच नकाशावर नसतात. आणि पुढचे पेडल घडवणाऱ्याला खरी गरज त्यांचीच लागते.

(समाप्त)